टाकीतली हिरवळ: हेअरग्रासचा गालिचा पहिल्यांदा लावताना

शेतात लव्हाळा खुरपून ज्याचे हात दुखले आहेत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वरची पाती उपटून काही होत नाही, खरा पसारा जमिनीखाली असतो. माशांच्या टाकीत तळाला पसरलेली जी बारीक गवती हिरवळ आपण फोटोत पाहतो, ती बहुतेक वेळा हेअरग्रासची असते. नावात गवत असलं तरी हे रोप कुळाने लव्हाळ्याचं भावंड आहे. शास्त्रीय नाव इलिओकॅरिस. मातीखालून दोऱ्याएवढा धुमारा पुढे सरकतो, थोड्या अंतरावर मुळं धरतो आणि तिथून पात्यांचा नवा झुबका वर येतो. शेतात जी सवय आपल्याला छळते, तीच टाकीत हवी असते. त्यामुळे या लेखात पानांपेक्षा मुळांविषयीच जास्त लिहिलं आहे. पहिले सहा आठवडे मुळांना नीट मिळाले की पुढचं काम रोप स्वतः करतं.

डोळ्यासमोर दोन फुटी टाकी धरली आहे: 24 इंच लांब, 12 रुंद, 12 उंच. काठोकाठ भरली तर साधारण 56 लीटर. माती-दगड वजा जाता प्रत्यक्ष पाणी 45 लीटरच्या आसपास. यापेक्षा लहान टाकीत पाण्याचा समतोल पटकन बिघडतो आणि उंच टाकीत तळापर्यंत उजेड पोचवणं महाग पडतं. पहिल्या प्रयत्नासाठी हे माप चांगलं.

रोप कुठलं घ्यायचं

दुकानात नुसतं 'हेअरग्रास' मागितलं तर अनेकदा उंच जात हातात पडते. ती 10-15 सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि दोन फुटी टाकीत गालिच्यापेक्षा कुरणासारखी दिसते. 'मिनी हेअरग्रास' असं स्पष्ट मागा. तिची पाती आखूड आणि किंचित बाकदार असतात.

गोल पानांचा गालिचा आवडत असेल तर मॉन्टे कार्लो घ्या. क्यूबा नावाने मिळणारं इवल्या पानांचं रोप पहिल्या टाकीत लावू नका, ते लहानसहान चूकही सहन करत नाही. सीओटूचा, म्हणजे टाकीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडण्याचा खर्च करायचाच नसेल तर ड्वार्फ सॅजिटेरिया घ्या. पाती थोडी रुंद आणि उंच, पण रोप चिवट. मार्सिलियाही संथपणे पसरते. तिचे भाऊबंद आपल्या भातखाचरांत चार पाकळ्यांसारखी पानं घेऊन तरंगताना पाहिले असतील.

यूट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलियाही बाजारात दिसेल. कासच्या पठारावर पावसाळ्यात जी जांभळी 'सीतेची आसवं' फुलतात, त्याच वंशातलं हे रोप. पाण्याखाली त्याचा गालिचा फार देखणा होतो, पण ते लहरी आहे, दुसऱ्या-तिसऱ्या टाकीसाठी राखून ठेवा. आणि कासवरून किंवा कुठल्याही सड्यावरून रोपं उपटून आणू नका. कास 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तसं नसतं तरी तिथली झाडं तिथेच राहायला हवीत.

आता बियांविषयी. 'पेरा आणि दहा दिवसांत गालिचा' अशी बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात. मीही एकदा आणली होती. बी आठवड्यात उगवलं, दोन आठवड्यांत तळ हिरवा झाला, घरातले सगळे खूश. मग देठ लांबत गेले, पानं पारदर्शक झाली आणि दीड महिन्यात सगळं कुजून पाण्याला वास सुटला. त्यात दोन मासे गेले. या पाकिटांत बहुधा जमिनीवरच्या झाडांचं किंवा उंच वाढणाऱ्या हायग्रोफिलासारख्या रोपांचं बी असतं. हेअरग्रास, मॉन्टे कार्लो, क्यूबा यांचा व्यवहार रोपांवर चालतो, बियांवर नाही. रोपच विकत घ्या.

रोप दोन प्रकारे मिळतं: कुंडीत, किंवा टिश्यू कल्चरच्या बंद कपात. कप थोडा महाग असतो, पण त्यात गोगलगायी आणि शेवाळ येत नाही. हेअरग्रासच्या पात्यांत गुंतलेलं शेवाळ काढणं किती कठीण असतं हे नंतर कळतं, म्हणून नवख्याने कपच घ्यावा.

माती: इथे घाई आणि काटकसर नको

रंगीत खडे आणि गुळगुळीत गोटे विसरा. त्यात झुबका रुतत नाही आणि धुमाऱ्याला पुढे सरकायला वाट मिळत नाही. कण 1 ते 3 मिलिमीटरचे हवेत.

सोपा मार्ग म्हणजे ॲक्वासॉईल. ही भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची बनवलेली माती असते. तिच्यात अन्न असतं, ती पाण्याचा सामू थोडा खाली आणते आणि मुळं तिच्यात सहज शिरतात. आपल्या टाकीचा तळ 60 बाय 30 सेंटीमीटर आहे. सरासरी 6 सेंटीमीटर थर धरला तर साधारण 11 लीटर माती लागते. समोर 4 सेंटीमीटर आणि मागे 7-8 असा उतार द्या. सपाट तळापेक्षा टाकी खोल दिसते. ॲक्वासॉईल धुऊ नका, गोळ्या फुटतात. सुरुवातीचे काही आठवडे तिच्यातून अमोनिया सुटतो, म्हणून त्या काळात टाकीत मासे नकोत.

स्वस्त मार्ग म्हणजे खाली चाळलेल्या बागेच्या मातीचा अडीच सेंटीमीटर थर आणि वर तेवढाच बारीक वाळूचा. यात ताजं शेणखत अजिबात नको. काळी चिकण माती टाळा, जरा हलली की पाणी दिवसभर गढूळ राहतं. वाळू नदीची घ्या आणि आधी एक परीक्षा करा: मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे आणि तो पाणी हळूहळू जड करत राहील. किनाऱ्यावरच्या वाळूत हमखास असं होतं, त्यामुळे कोकणातल्या मित्रांनी घराजवळ फुकट मिळते म्हणून ती वापरू नये. या पद्धतीची मोठी अडचण एकच: रोप उपटलं की खालची माती वर येते. हात सारखा टाकीत घालायची सवय असेल तर ॲक्वासॉईलच बरी.

लावणी

ज्यांनी भाताची लावणी केली किंवा पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आधी चिखल, मग रोप, मग पाणी. भरलेल्या टाकीत हेअरग्रास लावायला गेलात तर एक झुबका रोवेपर्यंत दोन वर तरंगतात.

माती पसरा, दगड आणि लाकूड आधी बसवून घ्या. मग स्प्रे बाटलीने किंवा हळू ओतून इतकंच पाणी घाला की माती पूर्ण भिजेल पण वर साचणार नाही. कपातलं रोप बाहेर काढा आणि मुळांवरची जेली साध्या पाण्यात नीट धुऊन टाका. कुंडीतलं रोप असेल तर मुळांभोवतीचा लोकरीसारखा रॉकवूल जमेल तितका सोडवा. पाती कात्रीने 2-3 सेंटीमीटरवर कापा. अनेकांचा इथे हात आखडतो, पण आखूड पात्यांचं रोप माती सोडून वर येत नाही आणि त्याची ताकद मुळांकडे वळते.

मग झुबके करा. एका झुबक्यात 5-10 पाती आणि त्यांची मुळं पुरेत. आपल्या टाकीत पुढचा 60 बाय 20 सेंटीमीटरचा पट्टा लावायचा तर 4 सेंटीमीटर अंतराने साधारण 75 झुबके लागतात. एका कपातून 15 निघतात असं धरलं तर पाच कप. लोक दोन कप आणून सात-आठ मोठे गठ्ठे लावतात आणि महिन्याभराने पसरत नाही म्हणून निराश होतात. गठ्ठ्याच्या मधली पाती कुजतात आणि मधल्या मोकळ्या जागेत शेवाळ बसतं. पैसे कमी असतील तर कप कमी आणा, पण झुबके लहान आणि जवळच ठेवा. अर्धाच पट्टा लावा, बाकीचा रोप स्वतः घेईल.

लांब, टोकदार चिमटा लागतो. झुबका मुळांपाशी धरा, चिमटा 45 अंशात तिरका करून मातीत खोचा, अलगद उघडा आणि त्याच वाटेने तिरकाच बाहेर घ्या. सरळ वर ओढला तर रोपही बरोबर येतं. पात्यांची टोकंच वर दिसतील इतकं खोल गेलं तरी चालतं. दर पाच मिनिटांनी पाणी फवारा. पंख्याखाली बसून लावू नका, पाती अर्ध्या तासात सुकतात. पूर्ण टाकीला दीड-दोन तास जातात. एका बैठकीत करा आणि मधे फोन घेऊ नका.

यानंतर दोन रस्ते आहेत. पहिला, लगेच पाणी भरणं: मातीवर प्लास्टिकची पिशवी किंवा बशी ठेवा आणि तिच्यावर अगदी बारीक धार सोडा. दुसरा, सुकी सुरुवात: टाकीत पाणी न भरता तोंडावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म ताणून लावायची, माती ओली ठेवायची, रोज दहा मिनिटं हवा द्यायची आणि चार ते सहा आठवड्यांनी पाणी भरायचं. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो, त्यामुळे मुळं जोरात धरतात आणि शेवाळाचा प्रश्नच येत नाही. धोका बुरशीचा, पांढरे धागे दिसले तर हवा वाढवा आणि फवारा कमी करा. हेअरग्रास या पद्धतीला फार चांगला प्रतिसाद देतं. धीर असेल तर माझा कौल सुक्या सुरुवातीला आहे.

पाणी आणि उन्हाळा

मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, ते रोपांना मानवतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन पुरतं, किंवा रुंद तोंडाच्या बादलीत हवेचा पंप लावून 24 तास ठेवा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

हेअरग्रासला 22 ते 27 अंश आवडतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टाकी सहज 32 च्या वर जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, कोकणच्या दमट हवेत कमी. मी तर सांगेन की नवी टाकी एप्रिल-मेमध्ये लावूच नका. पावसाळ्यात किंवा थंडीत लावली तर मुळं धरण्याचा काळ सुखाचा जातो.

उजेड आणि सीओटू

उजेडाचा सोपा अंदाज: दर लीटरला 20 ते 40 ल्युमेन. आपल्या टाकीला 1000 ते 2000 ल्युमेनचा, 6500 केल्विनच्या आसपासचा पांढरा एलईडी पुरतो. टायमर लावा. सुरुवातीला फक्त सहा तास. नवीन लोकांना वाटतं, रोप वाढत नाही तर दिवा वाढवावा. रोप कमजोर असताना जास्तीचा उजेड शेवाळ खातं. सहा आठवड्यांनी आठ तासांवर जा, त्याच्या पुढे नको. टाकी खिडकीच्या थेट उन्हात नसावी.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पाण्याखालच्या रोपाची नेहमीची भूक हीच असते. सीओटूशिवाय मिनी हेअरग्रास जगतं, पण गालिचा व्हायला चार-सहा महिने आणि बरंच नशीब लागतं. सीओटू दिला तर अडीच-तीन महिने.

सिलिंडर, रेग्युलेटर आणि सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) असा संच एकदाच घ्यावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. तेवढं जमत नसेल तर सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा संच मिळतो. त्यासाठी बनवलेली, दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेलीच बाटली वापरा. घरातल्या काचेच्या बरणीवर हा प्रयोग कधीही करू नका, ती फुटते.

सेकंदाला एक बुडबुडा इथून सुरुवात करा. टाकीत ड्रॉप चेकर लावा: निळा म्हणजे गॅस कमी, पोपटी म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. पोपटी रंग लिटरमागे सुमारे 30 मिलिग्रॅम दाखवतो. त्याचा रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे लगेच नळ फिरवू नका. गॅस दिव्याच्या एक-दोन तास आधी सुरू आणि दिवा बंद व्हायच्या तासभर आधी बंद. रात्री रोपं हा वायू घेत नाहीत. गॅस रात्री थांबवता येत नसेल तर हवेचा पंप चालू ठेवा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर सगळं सोडून आधी गॅस बंद करा आणि निम्मं पाणी बदला.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात रोज किंवा एक दिवसाआड अर्धं पाणी बदला. दुसऱ्या आठवड्यात तीनदा, तिसऱ्यात दोनदा, मग आठवड्यातून एकदा. ॲक्वासॉईलचा अमोनिया असाच बाहेर जातो.

दुसऱ्या आठवड्यात जुनी पाती पिवळी-तपकिरी होतील. घाबरू नका. ती हवेत वाढलेली पाती आहेत, पाण्याखाली ती टिकत नाहीत. उपटून मुळं तपासायचा मोह आवरा. एवढ्या एका गोष्टीने जितके गालिचे बिघडतात तितके दुसऱ्या कशाने बिघडत नसतील. कुजलेली पाती सायफनने ओढून घ्या. याच सुमारास काचेवर आणि पात्यांवर तपकिरी थर येतो. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, काही आठवड्यांत आपोआप जातं. चौथ्या आठवड्याच्या आसपास दोन झुबक्यांच्या मधून एक एकटंच, सुईसारखं, उजळ हिरवं पातं वर येतं. ते दिसलं की समजा, खाली धुमारा धावायला लागला आहे. मला या छंदात त्या एका पात्याइतका आनंद पूर्ण भरलेल्या गालिच्यानेही दिला नाही.

हिरव्या तारांचं शेवाळ दिसलं तर जुन्या टूथब्रशभोवती गुंडाळून काढा, दिवा तासाभराने कमी करा आणि गॅस तपासा. पात्यांत फारच गुंतलं असेल तर तेवढा भाग मातीलगत कापून टाका, मुळं पुन्हा फुटतात. अमानो कोळंबी या कामात पटाईत आहे. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी टाकीतल्या शेवाळासाठी ती वापरात आणली म्हणून तिला त्यांचं नाव. ती महाग वाटली तर चेरी कोळंबी चालेल. दोन्हींना अमोनिया शून्य झाल्यावरच सोडा.

खत

ॲक्वासॉईल असेल तर पहिला महिना खताची गरज नाही. नंतर एक्वेरियमचं तयार द्रव खत, बाटलीवरच्या निम्म्या मात्रेपासून.

महाराष्ट्रात मात्र आपल्याला एक सोय आहे. द्राक्ष आणि डाळिंबवाले ठिबकमधून जी विद्राव्य खतं सोडतात, त्यातली दोन टाकीलाही चालतात: 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 0:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पहिलं 10 ग्रॅम 100 मिलिलीटर पाण्यात, दुसरं 1 ग्रॅम 100 मिलिलीटर पाण्यात, वेगवेगळ्या बाटल्यांत. आठवड्याला प्रत्येकी 5 मिलिलीटर आपल्या 45 लीटरला पुरतात. नायट्रेट लिटरमागे साधारण 6-7 मिलिग्रॅमने वाढतं. 19:19:19 मात्र टाकीत कधीही घालू नका. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं, मासे मरतात. सूक्ष्मद्रव्यंही कृषी केंद्रातली नकोत, त्यातलं तांबं कोळंबीला घातक आहे. बाटल्यांवर नाव लिहा आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.

कापणी आणि पुढे

सहाव्या आठवड्यात पहिली कापणी: फिल्टर बंद करा, वाकड्या कात्रीने दीड-दोन सेंटीमीटर ठेवून सरसकट कापा आणि तरंगणारे तुकडे जाळीने उचला. चार दिवस टाकी भुंडी दिसते, मग दुप्पट दाट होते. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी हेच. सायफन मातीत खुपसू नका, पात्यांच्या वर फिरवा. अडकलेली घाण मोठ्या सिरिंजने पाणी मारून उडवा. वर्ष-दीड वर्षाने गालिचा इतका जाड होतो की तळची पाती उजेडाअभावी पिवळी पडतात. तेव्हा कात्रीने चौकोनी पट्टे कापून काढा आणि मोकळ्या जागेत नवे झुबके लावा.

कापलेले तुकडे कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये जाऊ द्या, नाल्यात किंवा तळ्यात नाही. बाहेरून आलेली रोपं आणि मासे आपल्या पाण्यात पसरले की काढता येत नाहीत. सकर मासा त्याचं उदाहरण आहे.

सकर या टाकीतही नको, तो मोठा होऊन सगळं उखडतो. गोल्डफिशही नको. एंबर टेट्रा, निऑन टेट्रा, लहान रासबोरा किंवा गप्पी चालतील. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी पाच-सहाच सोडा. त्यांना चिमूटभर खाऊ घाला. गालिच्यात पडलेला दाणा सायफनला सापडत नाही, तो तिथेच कुजतो.